आघात सोसलेलं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली. दर वेळी पंचनामे झाले, धान्य आलं, कपड्यांचे ढीग आले. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या मनात काय उरलंय, हे मात्र अंगणवाडी पुन्हा सुरू झाल्यावर सेविकेलाच पहिल्यांदा दिसलं. पूर आणि दरडी निदान बातमीत तरी येतात. बाप आईला मारतो ते रोज बघणारं मूल, वडिलांनी आत्महत्या केली आणि शेजारणींच्या बोलण्यातून ज्याला ते कळलं ते मूल, अंगावर उकळतं पाणी सांडून महिनाभर दवाखान्यात राहून आलेलं मूल, आई-बाप ऊसतोडीला गेल्यामुळे अचानक आजीपाशी राहिलेलं मूल, अशी मुलं कुठल्याही गावच्या अंगणवाडीत आणि शहरातल्या पाळणाघरात असतात. त्यांची बातमी होत नाही.

हा लेख अंगणवाडी सेविका, मदतनीस, बालवाडीताई आणि पाळणाघर चालवणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: तुम्ही समुपदेशक व्हायची गरज नाही. मुलाला बोलतं करायचं, मनातलं बाहेर काढायचं, असलं काही तुमच्याकडून अपेक्षित नाही. तेच माणूस, तीच वेळ आणि तोच क्रम रोज मिळणं, यानेच लहान मूल सगळ्यात जास्त सावरतं. ते तुमच्या हातात आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या इतकं नाही.

हे नुसतं दिलासा द्यायला म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी तिथल्या हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी बालसदनं चालवली. बॉम्बहल्ल्यात आई सोबत असलेली मुलं बऱ्यापैकी तग धरत होती. सुरक्षित खेड्यात पाठवलेली, पण आईपासून तुटलेली मुलं मात्र कोमेजत होती. मग त्यांनी मुलांचे लहान लहान कुटुंबासारखे गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरलेली ताई दिली. मुलं त्या ताईला चिकटली, तिच्यासाठी भांडू लागली, रडू लागली, आणि त्याचबरोबर बोलूही लागली, शी-शू सांगूही लागली. आपल्या अंगणवाडीत पैसा नसेल, जागा नसेल, पण ही गोष्ट करता येते.

आधी बघा आणि लिहा

मूल बिथरलेलं वाटलं की लगेच उपाय करायला धावू नका. आठ-दहा दिवस बघा. एका वहीत तीन रकाने आखा: काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि कशाने शांत झालं. ‘हट्टी आहे’, ‘चावरा आहे’ असं लिहू नका. ‘खिचडीची ताटं मांडताना पाठीमागून धक्का लागला, वळून चावला, मावशीच्या कडेवर गेल्यावर पाच मिनिटांत शांत’ असं लिहा. वार आणि वेळ जरूर लिहा. आठवड्याभरात त्यातून काहीतरी दिसू लागतं. एखादी मुलगी दर बुधवारी सकाळी मारामारी करते, कारण मंगळवारी गावचा आठवडी बाजार असतो आणि त्या रात्री बाप पिऊन येतो. एखादा मुलगा घरी जायची वेळ झाली की चड्डीत शू करतो. हे वहीशिवाय लक्षात येत नाही, कारण तुमच्यापुढे आणखी वीस-पंचवीस मुलं असतात.

काय काय दिसू शकतं? जे आधी येत होतं ते जाणं: सुटलेलं अंगठा चोखणं परत येतं, स्पष्ट बोलणारं मूल बोबडं बोलू लागतं. साध्या आवाजाला दचकणं. सेविका दाराबाहेर गेली तरी किंचाळणं. पोट दुखतंय, पाय दुखतोय असं रोज सांगणं. एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळणं. खाणं लपवणं: फ्रॉकच्या खिशात लाडू कोंबून नेणारी मुलगी चोर नसते. घरी पुढचं जेवण कधी मिळेल याची तिला खात्री नसते. तीन वर्षांच्या आतलं मूल यातलं काहीच सांगू शकत नाही. ते अंग ताठ करतं, दूध नाकारतं, झोपेतून रडत उठतं.

दोन प्रकारची मुलं नेहमी नजरेतून सुटतात, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं लिहिते. पहिलं म्हणजे अगदी गुणी मूल. सांगितलं तिथे बसतं, मागत नाही, रडत नाही, पडलं तरी रडत नाही. अशा मुलाचं आपण कौतुक करतो. चार वर्षांचं मूल गुडघा फुटल्यावरही रडत नसेल तर काळजी करा. दुसरं म्हणजे कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारं मूल. नवीन माणूस आला, तपासणीला साहेब आले, की हे त्यांच्या गळ्यात. लाघवी वाटतं, पण आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक त्याच्या लेखी पुसला गेलेला असू शकतो.

घाईने शिक्काही मारू नका. हाक मारल्यावर न बघणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असेल. चिडचिडं मूल उपाशी असेल, जंत असतील, रात्री कान दुखत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तुमची वही त्यांच्यापुढे ठेवा आणि हे मूल नीट तपासायला सांगा.

मुलाच्या अंगात काय चाललेलं असतं

थोडक्यात सांगते, कारण हे समजलं की राग निम्मा होतो. धोका जाणवला की शरीर पळायला, लढायला किंवा थिजायला तयार होतं: छाती धडधडते, स्नायू आवळतात, श्वास उथळ होतो. एरवी धोका टळला की हे ओसरतं. वारंवार घाबरलेल्या किंवा एकदाच पण जबरदस्त घाबरलेल्या लहान मुलात हा धोक्याचा भोंगा हलक्या निमित्तानेही वाजू लागतो. पत्र्यावर पाऊस जोरात पडला, थाळी खाली पडली, कुणी मोठ्याने बोललं, एवढंही पुरतं. भोंगा वाजत असताना समजावलेलं डोक्यात शिरत नाही. तेव्हा ‘असं करतात का शहाणी मुलं?’ हा प्रश्न वाया जातो. आधी अंग शांत व्हावं लागतं, मग शब्द.

शिवाय या वयात मुलांना कार्यकारणभाव आपल्यासारखा कळत नाही. ‘मी बाबावर रागावलो आणि बाबा मेला’ अशी जोडणी मूल मनातल्या मनात करून टाकतं आणि कुणालाच सांगत नाही.

एक माणूस ठरवा

सेविका आणि मदतनीस, दोघींनी बसून ठरवा की या मुलाची ‘आपली’ बाई कोण. मूल आधीच कुणाकडे झुकत असेल तर तीच. पुष्कळदा ती मदतनीस असते, कारण खाऊ तिच्या हातचा असतो. त्यात सेविकेने कमीपणा मानू नये. सकाळी मुलाला दारात घेणं, शू झाली तर कपडे बदलणं, जेवताना शेजारी बसणं, घरी पाठवणं ही चार कामं शक्यतो त्याच बाईने करावीत.

अडचण मला ठाऊक आहे. सेविकेला मीटिंग असते, सर्वेक्षण असतं, निवडणुकीचं काम असतं, सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची असते. तुम्ही गैरहजर राहणार हे टळणार नाही, पण न सांगता गायब होणं टाळता येतं. आदल्या दिवशी सांगा: ‘उद्या मी तालुक्याला जाणार. उद्या मावशी असेल. परवा मी येईन.’ तुमची एखादी वस्तू, ओढणी नाहीतर पिशवी, मुलाकडे सांभाळायला द्या. आणि परवा नक्की या. यायला जमणार नसेल तर तसं सांगा. आई-बापांनाही हेच पटवा. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने निघून जायची आपल्याकडे सवय आहे. तेवढ्यापुरतं रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल पदर सोडत नाही. ‘मी जाते, खिचडी खाऊन झाली की येते’ असं सांगून, रडू देऊन जावं.

पाळणाघरात पाळ्या असतात, बाया बदलतात. तिथे पाळी बदलताना दोन्ही बायांनी पाच मिनिटं मुलापाशी एकत्र थांबावं. आधीची बाई नवीला मुलादेखत सांगेल: ‘आज याने वरण-भात खाल्ला, दुपारी झोपला नाही, याची निळी गाडी त्या टोपलीत आहे.’ आपल्याबद्दल सगळं हिलाही ठाऊक आहे, हे मुलाला कळतं.

दिवसाचा क्रम भिंतीवर लावा

अंगणवाडीच्या ‘आकार’ अभ्यासक्रमात दिवसाचं वेळापत्रक आहेच. ते मुलांना दिसेल असं करा. पुठ्ठ्यावर चित्रं काढा: चप्पल काढणं, गोलात बसणं, गाणी, ठोकळे, हात धुणं, खिचडी, गोष्ट, दप्तर, घर. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. एक काम झालं की ते चित्र मुलाने उलटं करायचं. घाबरलेलं मूल दिवसातून दहा वेळा त्या दोरीशी जाऊन ‘घर’ किती लांब आहे ते बघून येईल. बघू दे.

एका कामातून दुसऱ्यात जाताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. म्हणून आधी सूचना द्या: ‘अजून दोन उड्या, मग हात धुवायचे.’ दर वेळी तेच गाणं, तीच टाळी.

खोलीकडेही एकदा मुलाच्या उंचीवर बसून बघा. दार दिसेल अशी त्याची जागा ठेवा, पाठ भिंतीला. पाठीमागून येऊन उचलू नका. समोर या, हात पुढे करा, मग उचला. कुकरची शिट्टी होणार असेल तर आधी सांगा. ढोल-ताशे, डीजे, फटाके यांचे दिवस आधीपासून लक्षात ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लोक गणपती विसर्जनाहून येऊन झोपले होते. त्या भागात पुढे कितीतरी मुलांसाठी विसर्जन आणि भूकंप एकमेकांना चिकटून राहिले असतील, याचा विचार करा. सण बंद करायचे नाहीत, पण त्या मुलाला मिरवणुकीच्या पुढे उभं करायचं नाही.

एका कोपऱ्यात गोधडी, दोन उशा, एखादी चिंध्यांची बाहुली ठेवा. आईची जुनी साडी मिळाली तर तिचा तुकडा. हा कोपरा शिक्षेचा नाही, हे सगळ्या मुलांना सांगा, आणि तुम्हीही कधी ‘जा तिकडे बस’ म्हणून तो वापरू नका. मुलाला हवं तेव्हा जाता यावं, हवं तेव्हा परत येता यावं.

अंग शांत करणारे खेळ रोजच्या दिवसात मिसळा: झोका, आपडी-थापडी, मऊ मातीचे गोळे मळणं, ज्वारीच्या परातीत हात घालून बसणं, रिठ्याच्या फेसाचे फुगे उडवणं. दीर्घ श्वास घ्यायला तीन वर्षांच्या मुलाला शिकवता येत नाही. पण गरम खिचडीवर फुंकर मारायला त्याला येतंच. रोज जेवायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाच लांब फुंकरी मारा. पुढे मूल बिथरलं की ‘चल, खिचडी गार करू’ म्हणून रिकाम्या ओंजळीवरही ती फुंकर मारता येते.

बिथरलं तर

समजा, ठोकळ्यांवरून झटापट झाली आणि मुलगा किंचाळत हाताला येईल ते फेकतोय. मदतनीस बाकीच्या मुलांना ओट्यावर घेऊन जाते, न ओरडता. तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसा, समोरासमोर न बसता जरा तिरकं. आवाज खालचा, शब्द कमी: ‘मी इथे आहे. तुला लागू देणार नाही, दुसऱ्यालाही लागू देणार नाही.’ जड वस्तू हळूच बाजूला सरकवा. धरू नका. फक्त तो रस्त्याकडे धावला किंवा स्वतःला इजा करू लागला तरच धरा. बराच वेळ दुसरं काही बोलू नका. श्वास तुमचा तुम्ही सावकाश चालू ठेवा. ते मूल तुमच्या अंगाकडे बघून स्वतःला सावरत असतं. किंचाळणं रडण्यावर आलं की पाणी पुढे करा. बहुतेक मुलं तेव्हा मांडीवर येतात. नाही आलं तरी बसून राहा.

शांत झाल्यावर भाषण नको. ‘खूप राग आला होता. ठोकळा हवा होता. तू घाबरला होतास.’ एवढं बास. मग दोघांनी मिळून ठोकळे गोळा करायचे, आणि ज्याला लागलं त्याच्यासाठी ओलं फडकं न्यायचं. जबरदस्तीने ‘सॉरी म्हण’ याने काहीच साधत नाही. फडकं नेऊन दिल्याने साधतं.

काही मुलं बिथरत नाहीत, थिजतात. डोळे एका जागी, हाक ऐकू येत नाही, हात गार. अशा वेळी हलवू नका. नाव घेऊन हळू आवाजात कुठे आहोत ते सांगा: ‘तू अंगणवाडीत आहेस. ही आपली चटई. बाहेर मावशी भांडी घासते आहे, ऐकू येतंय का?’ पाय जमिनीवर दाबायला सांगा, हातात काहीतरी खरखरीत द्या.

आणि काही वाक्यं अंगणवाडीतून कायमची घालवा. ‘पोलीस येईल’, ‘डॉक्टर सुई टोचेल’, ‘बागुलबुवा नेईल’, ‘बाबाला सांगू का?’, ‘असं केलंस तर आई येणार नाही.’ ज्या मुलाचा बाप मारतो त्याला शेवटून दुसरं वाक्य काय करत असेल! आई गेलेल्या मुलाला शेवटचं वाक्य कधीही ऐकायला लागू नये.

खेळात जे येतं ते येऊ द्या

पुरातून वाचलेली मुलं पाणी-पाणी खेळतात. भातुकलीची भांडी बुडवतात, बाहुली माळ्यावर चढवतात, ‘चला चला, पाणी आलं’ म्हणून सगळ्यांना पळवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशुभ म्हणून हा खेळ थांबवू नका. खऱ्या पुरात त्याच्या हातात काही नव्हतं, खेळात पूर त्याच्या हुकमाने येतो आणि जातो. तुम्ही जवळ बसा, विचारू नका, शिकवू नका, फार तर जे दिसतं ते बोला: ‘बाहुली वर चढली. खाली पाणी आहे.’

कधी कधी मात्र खेळ एकाच जागी अडकतो. प्रत्येक वेळी सगळे बुडतात, मुलाचा चेहरा ताणलेला, खेळून झाल्यावर ते जास्तच चिडचिडं. मग हळूच एखादी वस्तू पुढे सरकवा, कागदाची होडी, दोरी. ‘यांना कोण मदत करेल?’ एवढंच विचारा. मुलाने होडी ढकलून दिली तर आज राहू द्या.

आपत्तीनंतर गावात पाहुणे येतात, कॅमेरे येतात, खाऊ वाटणारे येतात. ‘बाळा, सांग बरं त्या रात्री काय झालं?’ असं कुणी विचारू लागलं तर सेविकेने ठाम नकार द्यावा. पुराचं चित्र काढायला लावणंही नको. मुलाने आपणहून काढलं तर गोष्ट वेगळी. नकार देताना तुमच्या पर्यवेक्षिकेचं नाव पुढे करा, ‘मॅडमची लेखी परवानगी आणा’ म्हणा.

मृत्यूबद्दल काय सांगायचं

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं, हे उमगत नाही. ‘बाबा गावाला गेलाय’ सांगितलं तर ते एसटीची वाट बघत बसतं. ‘झोपलाय’ सांगितलं तर झोपायला घाबरतं. ‘देवाला आवडला म्हणून नेला’ सांगितलं तर देवाला घाबरतं. घरचे ‘देवाघरी गेले’ म्हणत असतील तर त्यांना खोटं पाडू नका, पण पुढचं वाक्य तुम्ही जोडा: ‘बाबा वारला. त्याचं शरीर बंद पडलं. आता त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. तो परत येणार नाही. तुझ्यामुळे असं झालं नाही. आजी तुझ्याजवळ आहे, रोज दुपारी तीच न्यायला येईल.’

आत्महत्या असेल तरीही हेच. तपशील सांगायचा नाही, आणि खोटंही सांगायचं नाही. गावात कुणीतरी ‘बापानं औषध घेतलं’ म्हणणारच. मुलाने ते येऊन विचारलं तर: ‘हो. बाबाचं मन खूप आजारी पडलं होतं. तो तुझ्यावर रागावला नव्हता.’ (घरच्यांशी आधी बोलून शब्द ठरवा, म्हणजे घरी एक आणि अंगणवाडीत दुसरं असं होणार नाही.) मूल तोच प्रश्न रोज विचारेल. रोज त्याच शब्दांत, तितक्याच शांतपणे उत्तर द्या. मध्येच ते खदखदून हसेल, खेळेल. त्याला दुःख झालं नाही असा त्याचा अर्थ नाही. लहान मुलं दुःख घोट घोट घेतात.

घरच्यांशी बोलताना

गृहभेटीत ‘नक्की काय झालं?’ याने सुरुवात करू नका. ‘रात्री झोप कशी लागते त्याला?’ असं विचारा. झोपेवरून घर उलगडत जातं. आजीने सगळं अंगावर घेतलेलं असतं आणि तिनेही आपलं पोर गमावलेलं असतं. तिला आधी पाच मिनिटं तिचं बोलू द्या. मग एखादीच गोष्ट सांगा, जमेल अशी: रात्री झोपताना तीच गोधडी, तीच गोष्ट, दिवा लहान करून ठेवा.

मुलाच्या आईला मारहाण होत असेल तर नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर एक शब्दही काढू नका. धान्याच्या पाकिटांचं निमित्त करून तिला अंगणवाडीत बोलवा. महिला हेल्पलाइन १८१ आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, हे दोन रस्ते तिला माहीत करून द्या. निर्णय तिचा. त्या घरातला धोका तिच्याइतका ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

अंगणवाडीत कळलेली गोष्ट पाणवठ्यावर जाता कामा नये. मदतनीस गावचीच असते, नात्यातली असते, त्यामुळे हे तिच्याशी स्पष्ट बोलून ठरवावं लागतं.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर

इथे चूक परवडत नाही. मुलाने कपडे काढायला अचानक भयंकर घाबरणं, शूच्या जागी दुखणं, रक्त, सूज, वयाला न शोभणाऱ्या कृती पुन्हा पुन्हा करणं, ठराविक माणूस दिसताच लपणं, यातलं काही दिसलं किंवा मूल काही बोललं तर:

ऐका. चेहरा स्थिर ठेवा. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस. तुझी चूक नाही.’ एवढंच बोला. ‘अमक्याने केलं का?’ असले सुचवणारे प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. अंग तपासू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका.

मग लगेच कळवा. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांना माहिती द्या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कुणी मुलाला ठाण्यात बसवून ठेवत असेल तर हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. उपचार कुठलंही रुग्णालय, सरकारी किंवा खासगी, नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसे घेऊ शकत नाही. मूल घरी सुरक्षित नसेल तर बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष पुढची व्यवस्था बघतात.

गावातली मोठी माणसं ‘आपसात मिटवू, पोरीच्या नावाचा विचार करा’ म्हणतील. त्यांच्या बैठकीला जाऊ नका. मुलाचं नाव, फोटो, घरचा पत्ता कुठल्याही व्हॉट्सॲप गटात टाकू नका, अगदी सेविकांच्या गटातही. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

दवाखान्याची मदत कधी घ्यायची

बरीच मुलं काही आठवड्यांत, तुमच्या रोजच्या सांभाळण्यानेच सावरतात. महिना उलटला तरी दचकणं, न झोपणं, खेळात अडकणं तसंच असेल, वजन उतरत असेल, बोलणं बंद झालं असेल, मूल स्वतःचं डोकं आपटत असेल, तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात पाठवता येतं. तिथे मानसोपचार विभाग असतो, आणि अनेक ठिकाणी लहान मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रही असतं. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मराठीतून, विनामूल्य बोलता येतं. हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

कारण पुरात सेविकेचंही घर गेलेलं असतं. दरडीखाली तिचीही माणसं असतात. ती तरी दुसऱ्याच आठवड्यात अंगणवाडी उघडते. मुलाचं ऐकून रात्री तुमची झोप उडत असेल, एखाद्या मुलावर विनाकारण हात उगारावासा वाटत असेल, तर बीटमधल्या (तुमच्या पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) एका विश्वासू सेविकेशी रोज दहा मिनिटं बोला, मुलाचं नाव न घेता. मासिक बैठकीत आकडेवारीनंतर अर्धा तास यासाठी मागून घ्या. पर्यवेक्षिकांनीही तो द्यावा.

पहिलीत पाठवताना

सहाव्या वर्षी मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं आणि इतकं जमवून आणलेलं एका दिवसात मोडू शकतं. शाळा सुरू व्हायच्या महिनाभर आधी मुलाला दोन-तीनदा शाळेत नेऊन आणा. वर्ग, नळ, शौचालय आणि पहिलीच्या बाई दाखवा. घरच्यांच्या परवानगीने बाईंना अर्धं पान लिहून द्या. काय घडलं ते त्यात नको. कशाने दचकतो, कशाने शांत होतो, कुणाशेजारी बसवावं, घरी न्यायला कोण येतं, एवढंच. आणि एक ओळ ठळक लिहा: पहिल्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ‘तुझे वडील काय करतात?’ हा प्रश्न या मुलाला विचारू नये. दाखल्यासाठी लागणारी माहिती आजीकडून आधीच भरून घ्यावी.